उंची गाडी कशी घ्यावी

अभिनंदन! पगारवाढ झाली, जुनी हॅचबॅक मेव्हण्याच्या गळ्यात मारून झाली, आता नवी गाडी घ्यायची म्हणताय. घ्या. फक्त आपल्याला गाडी चालवायला आवडते, हे घरात कुणाला कळू देऊ नका. गाडी बसण्यासाठी असते, दिसण्यासाठी असते आणि पेढ्यांसोबत फोटो काढण्यासाठी असते. चालवायला ड्रायव्हर मिळतात.

चालवायची आवड असलेल्या लोकांचं काय होतं, ते आम्हा पुणेकरांना विचारा. आमच्या एका जिल्ह्यात असल्या दोन गाड्या बनायच्या. चाकणला २०१३ पासून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, १०५ पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, जवळजवळ हॉर्सपॉवरच). रांजणगावला २०१५ मध्ये फियाटची पुंटो अबार्थ, १४५ पीएसची आणि किंमत ९ लाख ९५ हजार, एक्स-शोरूम. चार मीटरच्या आतली गाडी आणि पिकअप असा की खंबाटकी चढताना मागच्या सीटवरची आजी माळ सोडून दरवाजाचं हँडल धरायची. पुणेकरांनी या गाड्यांचं काय केलं? भरभरून कौतुक केलं. कौतुकाला कर लागत नाही आणि हप्ताही पडत नाही. मग शोरूममध्ये जाऊन उंच गाडी बुक केली. आज अबार्थ नाही, आणि पोलोही २०२२ मध्ये गेली.

तेव्हा तुम्ही थेट शोरूम गाठा. तिथला मुलगा इंजिनाबद्दल काही सांगणार नाही, तुम्हीही विचारून त्याला लाजवू नका. तो ग्राउंड क्लिअरन्स सांगेल, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर. मारुतीच्या स्विफ्टचा १६३ मिलिमीटर, टाटाच्या पंचचा १८७. फरक २४ मिलिमीटरचा. स्वर्ग दोन बोटं उरतो म्हणतात, तो इथे. याच पंचने २०२४ मध्ये देशातली सर्वाधिक खपाची गाडी होऊन मारुतीची चाळीस वर्षांची सद्दी मोडली, यातच सगळं आलं. २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे ६५ टक्के याच उंच जातकुळीतल्या होत्या. एवढे लोक चुकतील का?

आणि ती दोन बोटं उगाच नाहीत हो, हे मी माझ्या गाडीच्या पोटाखालच्या चेंबरची शपथ घेऊन सांगतो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक स्पीडब्रेकर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकरची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर दिली आहे. आमच्या कमिटीने वाचताना दोन्ही आकड्यांची अदलाबदल केली असावी. माझ्या बारा वर्षांच्या बुटक्या गाडीत चौघं बसलो की मागच्या दोघांना तिथे उतरावं लागतं. गेल्या दिवाळीत मावशी पैठणी सावरत उतरली, गाडी तिरकी करून मी ती इंचाइंचाने वर चढवली, तरी खालून खर्रर्र आवाज आलाच. वॉचमनकाका खुर्चीतून न उठता म्हणाले, "साहेब, आता मोठी घ्या."

कमिटीच्या सभेत मी स्पीडब्रेकर तासायची सूचना मांडली. तासायला पैसे लागतात म्हणून ती एकमताने फेटाळली गेली. हात वर करणाऱ्या बहुतेकांच्या दारात पंधरा-पंधरा लाखांच्या गाड्या उभ्या आहेत. डांबराचा ढिगारा काढण्यापेक्षा त्यावरून जाणारी गाडी घ्यावी, हे अर्थशास्त्र तुम्हीही शिकून घ्या.

लांबीची काळजी सरकार घेतं. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी म्हणजे छोटी, तिला कर कमी. हा हिशोब २००६ च्या अर्थसंकल्पापासून चालत आलाय. सप्टेंबर २०२५ पासून छोटीला १८ टक्के जीएसटी आणि मोठीला ४०. म्हणून कितीतरी एसयूव्हींची लांबी बरोब्बर ३,९९५ मिलिमीटर भरते. पाच मिलिमीटर कंपन्या देवाच्या नावाने सोडतात. वर मात्र कितीही वाढा, आभाळाला कर नाही. उलट अबार्थचं इंजिन १३६८ सीसीचं, म्हणजे ती चिमुरडी आज असती तर कायद्याने मोठी गाडी ठरली असती.

तरीही जोरकस इंजिनाची हौस असेलच, तर ते उंच गाडीतून घ्या, म्हणजे लोक नावं ठेवणार नाहीत. २०१७ मध्ये मारुतीची बलेनो आरएस आली होती, १ लिटरचं टर्बो इंजिन घेऊन. कुणी ढुंकून पाहिलं नाही, प्रदूषणाचे बीएस-६ नियम येताच ती गेली. तेच बूस्टरजेट इंजिन २०२३ मध्ये मारुतीच्याच उंच फ्रॉन्क्समध्ये परत आलं. फ्रॉन्क्स बनलीय बलेनोवरूनच. तीच मूर्ती, फक्त चौरंगावर मांडली, आणि आरतीला गर्दी झाली.

सनरूफ घ्याच. मे महिन्यात ते बंदच राहील, पावसाळ्यात उघडता येणार नाही, पण लोणावळ्याला मूल त्यातून बाहेर काढून उभं करता येतं. असं करणं धोक्याचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून फोटो पटकन काढायचा. ताम्हिणीत गाडी वळणागणिक डुलेल, मागून उलटीचे आवाज येतील. त्यासाठी पिशव्या ठेवा आणि वेग बैलगाडीचा ठेवा. फोर बाय फोरचं बटण असेल तर हात लावू नका. ते पाहुण्यांना दाखवायचं असतं.

एवढं सगळं झाल्यावर एक पथ्य पाळा, शेजारच्या बुटक्या गाडीजवळ फार रेंगाळू नका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी दसऱ्याला भलीमोठी एसयूव्ही आणली, लिंबावरून चाक फिरवलं, सगळ्यांना पेढे दिले. पुढच्याच रविवारी सकाळी सहाला ते माझ्या दारात उभे. "जरा चावी द्या ना तुमच्या गाडीची, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो." परतले दीड तासाने. इंजिन टकटक करत गार होत होतं, बॉनेटवर सिंहगडाच्या घाटातली पिवळी पानं चिकटलेली.

"चेंबर लागला का हो?" मी विचारलं.

"छे, एकटाच होतो ना," ते म्हणाले. चावी अजून त्यांच्या हातातच होती. "पुढच्या रविवारी गाडी लागणार आहे का तुम्हाला?"