स्टीव्हवर बंदी घाला, आणि याच सीझनला घाला

आज दुपारी आमच्या स्मॅश अल्टिमेटच्या ऑनलाइन स्पर्धेच्या ग्रुपवर स्टीव्ह या पात्राच्या बंदीचं मतदान सुरू झालं. लगेच एकाने लिहिलं, "रडणं बंद करा, प्रॅक्टिस करा." त्याखाली हसणाऱ्या इमोज्यांची रांग. मी तिथे उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आता इथे लिहितोय, कारण तिथे दोन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही.

स्मॅश अल्टिमेट न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ८० हून जास्त पात्रांचा हा मारामारीचा गेम डिसेंबर २०१८ मध्ये आला. मार बसला की टक्के वाढतात, आणि स्टेजबाहेर फेकलं गेलं की एक जीव, म्हणजे स्टॉक, जातो. माइनक्राफ्टमधला स्टीव्ह ऑक्टोबर २०२० मध्ये त्यात आला. तो जमीन खणून लाकूड, दगड, लोखंड, हिरे गोळा करतो आणि त्यातून हत्यारं बनवतो. हवेत ठोकळे रचून समोरच्याची वाट अडवतो. म्हणजे तुम्ही त्याच्याकडे गेला नाहीत तर तो श्रीमंत होतो, आणि गेलात तर तो त्याच्याच भिंतीआड तुमची वाट बघत असतो. एवढंही मी चालवून घेतलं असतं. पण २०२३ च्या सुरुवातीला 'फँटम एमएलजी' नावाचा बग सगळ्यांच्या हातात आला. मार बसल्यावर कुठल्याही पात्राला काही क्षण हलता येत नाही, यावर तर हा अख्खा गेम उभा आहे. स्टीव्ह जमिनीजवळ असेल तर या बगमुळे त्यातून आधीच सुटतो आणि उलटा मारतो.

माझी धाकटी बहीण गॅननडॉर्फ खेळते. जड, संथ, लांबून मारायला हातात काही नाही. तिला तो आवडतो म्हणून खेळते, एवढंच. स्टीव्हविरुद्ध खेळता यावं म्हणून ती रात्र रात्र बसली आहे. तो खणायला वाकला की किती पावलांवरून धाव घ्यायची, ठोकळा कधी फोडायचा, त्याची कुऱ्हाड तुटायला आली की कधी दबाव टाकायचा, सगळं वहीत लिहून. तिला कुणी "प्रॅक्टिस कर" म्हणावं?

आमच्याच एका स्पर्धेत ती स्टीव्हसमोर शेवटच्या स्टॉकवर होती. त्याचे टक्के शंभरच्या पुढे गेलेले. तिने हवेतून उतरता उतरता लाथ घातली. लागली! स्क्रीनवर लागल्याचा झटका दिसला, आवाज आला, आकडा वाढला. ती पुढचा फटका द्यायला निघाली आणि तो मोकळा होऊन तिलाच मारून गेला. ती स्टेजबाहेर पडली, वर यायला झेप घेतली, तर कडेला ठोकळा. संपलं. ती काही बोलली नाही. हेडफोन काढून ठेवला आणि रिप्ले लावला. आपलं काय चुकलं ते शोधत बसली होती! चुकलं काहीच नव्हतं, आणि मला राग याचाच येतो.

"मग फक्त बगवर बंदी घाला, पात्रावर कशाला?" हे वरवर फार समंजस वाटतं. अंमलबजावणी कोण करणार? ऑनलाइन सामन्यात समोरच्याचा कंट्रोलर कुणाला दिसत नाही. मुद्दाम केलं की बटणं आपोआप तशी दाबली गेली, हे रिप्ले बघून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. दर सामन्यानंतर भांडणं होतील आणि निर्णय ओरडणाऱ्याच्या बाजूने लागेल. त्यात या गेमचं ऑनलाइन असं की कनेक्शन जरा रेंगाळलं की दोघांचीही बटणं उशिरा लागतात. समोरासमोर बसून जे बघून अडवता येतं ते इथे अंदाजावर खेळावं लागतं. बहिणीच्या वहीतली निम्मी पानं तिथेच वाया जातात.

दुरुस्ती येईल म्हणून थांबणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, कुठून येणार? पात्रांची ताकद कमी-जास्त करणारा शेवटचा पॅच, म्हणजे अपडेट, डिसेंबर २०२१ मध्ये आला आणि हा शेवटचा, हेही तेव्हाच सांगितलं होतं. टेकन ७ या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये लिरॉय हे पात्र आलं तेव्हा २०२० च्या इव्हो जपान या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या ८ पैकी ६ जण त्यालाच घेऊन बसले होते. तिथे कंपनीने नंतर त्याची ताकद कमी केली, म्हणून बंदीची गरज पडली नाही. आपल्या गेमची डागडुजी करायला आता कुणी उरलेलं नाही, म्हणून ती आपल्यालाच करायची आहे. १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो या गेममधला अतिताकदवान अकुमा अमेरिकेतल्या स्पर्धांनी बंद केला, जपानी खेळाडूंनी बहुतांशी आपणहून टाळला. तो गेम लोक आजही खेळतात. बंदीने गेम मरतो म्हणणाऱ्यांनी तिकडे एकदा बघावं.

हो, मान्य, सगळ्या मोठ्या स्पर्धा स्टीव्हच जिंकतो असं नाही. आणि हो, स्मॅशच्याच ब्रॉल या जुन्या गेममध्ये २०११ साली मेटा नाइट या पात्रावर बंदी ठरली आणि सगळ्या आयोजकांनी ती पाळली नाही, म्हणून सगळाच गोंधळ झाला. पण त्यावरून मी एवढंच घेतो की नियम ठरला की सगळ्यांनी पाळायचा.

स्टीव्ह खेळणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. हे खरंच मनापासून लिहितोय. त्यातले दोघे माझे चांगले मित्र आहेत. खाण, ठोकळे, हत्यारं एकाच वेळी सांभाळायला डोकं लागतं. एका पात्राला वर्षं दिलेल्या माणसाला "उद्यापासून नाही" म्हणणं क्रूर आहे, म्हणून बंदी पुढच्या सीझनपासून असावी असं मी आधी म्हणत होतो. पण या सीझनची नोंदणीच अजून उघडलेली नाही. आत्ता जाहीर केलं तर त्यांना दुसरं पात्र बसवायला वेळ मिळतो. पुढे ढकललं तर पुन्हा हीच चर्चा, हेच इमोजी.

आणि मतदान असं सगळ्यांसाठी उघडं कशाला ठेवलंय? जे फक्त स्ट्रीम बघतात, ज्यांनी एकही सामना खेळलेला नाही, तेही बटण दाबून मोकळे. २०१८ च्या इव्होला स्मॅशच्या आधीच्या गेमच्या फायनलमध्ये दोन्हीकडे बेयोनेटा हे एकच पात्र आलं तेव्हा प्रेक्षकांनी खेळाडूंची हुर्यो उडवली होती. प्रेक्षकांच्या कंटाळ्यावर मला बंदी नको आहे, आणि त्यांच्या टाळ्यांवर सूटही नको. पोकेमॉनमध्ये स्मॉगनवाले, म्हणजे स्पर्धांचे नियम ठरवणारा चाहत्यांचा समूह, कसं करतात बघा. बंदीचा विचार चाललेला पोकेमॉन ज्या गटात खेळला जातो तिथे खेळून आधी ठरावीक रेटिंग मिळवायचं, मग मत. त्यातही बंदीसाठी ६० टक्के लागतात. आपणही तसंच करू. गेल्या सीझनला जे शेवटपर्यंत खेळले त्यांनाच मत द्या. बहिणीचं मत त्यात येतं, माझ्या दोन्ही स्टीव्हवाल्या मित्रांचंही येतं. "रडणं बंद करा" लिहिणाऱ्याचं येत नाही, कारण तो पहिल्या आठवड्यानंतर फिरकलाच नाही.

आयोजकांना मी हे सगळं वेगळं लिहून पाठवलंय. मतदान उद्या रात्री बंद होतंय. त्याआधी ते थांबवून खेळणाऱ्यांची यादी लावा आणि नव्याने घ्या. ग्रुपमधले जे हे वाचतायत त्यांनी आज रात्रीच आयोजकांना तसा मेसेज टाका.