बेक केलेले शंकरपाळे ‘बिनतेलाचे’ नसतात

‘ओव्हनमधले शंकरपाळे बिनतेलाचे, सकाळी चहाबरोबर मधुमेहींनीही बिनधास्त खावेत’ असा मेसेज फिरतोय. अर्धंच खरं आहे. कढईतलं तेल वाचतं, पण मोहनाचं, म्हणजे पीठ मळताना घातलेल्या तेला-तुपाचं काय? ते पिठातच असतं. उलट बेक करताना मोहन घालायला हात आखडला, तर शंकरपाळे खुसखुशीत न होता नुसते दगड होतात. अर्धा किलो मैद्याला १५० ग्रॅम तूप धरलं, तरी नुसत्या तुपाच्याच १३५० कॅलरी झाल्या. साखर चमचाभरही कमी होत नाही, मैदाही तोच. रक्तातल्या साखरेला कढई काय नि ओव्हन काय! १७० अंशांवर कडा तांबूस होईपर्यंत जरूर भाजा, चवीला छानच लागतात. मधुमेह असेल तर मात्र ते गोडाच्या हिशेबातच धरा.