उमेदवार लिओनार्दो, दाढी काथ्याची

मुंबईहून निवृत्त होऊन मालवणला परतलेल्या माणसाला गावात एकच हुद्दा मिळतो, परीक्षकाचा. रांगोळी असो, नाचणीचे पदार्थ असोत, नाहीतर भजनांची डबलबारी, ‘तुमका आता काय काम आसा?’ असं विचारून उत्तर ऐकायच्या आत लोक पत्रिकेवर नाव छापून मोकळे होतात. त्यात मी बँकेत नोकरभरतीच्या खात्यात होतो हे कोणीतरी फोडलं. मग श्रावणात हायस्कूलच्या चित्रकलेच्या बाई घरी आल्या.

“मुलं थोर कलावंत बनून येणार. आपल्या शाळेत कलाशिक्षकाची जागा निघालीय असं समजायचं आणि तुम्ही मुलाखती घ्यायच्या.”

“खरंच जागा निघालीय?”

“कुठली हो काका! मीच अजून मानधनावर आहे.”

सभागृहावर पत्रे आणि पत्र्यांवर श्रावणसर. त्यामुळे मुलाखती कमी आणि हाकाटीच जास्त. पहिला उमेदवार लिओनार्दो. त्याची दाढी नारळाच्या काथ्याची होती, खळीने चिकटवलेली. दर वाक्याला एक धागा तोंडात जायचा आणि तो थुंकून मगच रेनेसान्स पुढे सरकायचा. अर्ज मात्र नमुनेदार. १४८२ च्या सुमाराचं मिलानचा सत्ताधीश ल्युडोविको स्फोर्झा याच्यासाठीचं पत्रच त्याने पाठ केलं होतं. उचलून नेता येतील असे हलके पूल बांधीन, तोफा करीन, भुयारं खणीन, पाण्याची सोय करीन आणि अगदी शेवटी, चित्रंही काढतो. मालकाला लढाई हवी आहे हे ओळखून चित्रकला तळाला नेणारा माणूस! उभ्या नोकरीत मी इतका शहाणा अर्ज पाहिला नाही.

“आधीच्या ठिकाणचं काम पुरं केलंत?” मी विचारलं.

“घोड्याचा मोठा पुतळा होता. मातीचा नमुना झाला, पण ब्राँझ तोफांना गेलं.”

मागच्या बाकावरून त्याचे वडील ओरडले, “माल येवक नाय तर काम कसा होतला?” ते ठेकेदार आहेत. आमच्या खाडीवरचा साकव दोन निवडणुका झाल्या तरी अर्ध्यावरच आहे.

मायकेलअँजेलोने आल्या आल्या सांगितलं की तो शिल्पकार आहे आणि चित्रं काढायला त्याला पोपने लावलं. सिस्टाइन चॅपेलच्या छताला १५०८ ते १५१२ लागली, हे ऐकून मुख्याध्यापकांनी वर गळक्या पत्र्याकडे पाहिलं आणि पुढचा बोलवा म्हणाले.

फ्रिडा काहलो काजळाने भुवया जोडून आली होती. तिचं जन्मसाल १९०७, पण ती स्वतः १९१० सांगायची. मेक्सिकोच्या क्रांतीचं साल म्हणून. मुलीने ते ठसक्यात सांगितलं. माझ्यातला जुना कारकून जागा झाला. म्हटलं, “बाई, क्रांती ठीक आहे, पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काय आहे?” त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते हुबेहूब फ्रिडाच्या स्वचित्रांतलं पाहणं होतं. मी पूर्ण गुण दिले.

मग कानाला बँडेज बांधून व्हॅन गॉग आला. कानाला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. बिचाऱ्याची अख्खी कारकीर्द त्या १८८८ सालच्या कानात अडकलीय. मी अनुभव विचारला. चित्रं विकणाऱ्या कंपनीत होतो, १८७६ साली काढून टाकलं. पुस्तकांच्या दुकानात होतो. कोळशाच्या खाणींत धर्मप्रचारक होतो, तिथेही ठेवलं नाही. आणि मध्ये इंग्लंडात रॅम्सगेटला शाळेत शिकवत होतो.

“पगार?”

“पगार नाही. राहणं-जेवण.”

सभागृहात एकदम शांतता. मग विनाअनुदानित तुकडीचे दोन सर इतक्या मनापासून टाळ्या वाजवू लागले की पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईना. चित्रकलेच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. हसून की कसं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आतापर्यंतच्या उमेदवारांत शाळेचा अनुभव सांगणारा हा पहिलाच, आणि तोही नेमका आपल्याकडच्या पद्धतीचा!

मुलाखत संपताच त्याच्या आईने मला खांबामागे गाठलं. “भावोजी, पहिलो नंबर नको, पण उत्तेजनार्थ तरी द्या हो. हयातीत एकच चित्र खपलेला म्हणतत.” एकच की आणखी, यावर जाणकारांचे वाद आहेत, पण ‘द रेड व्हिनयार्ड’ १८९० साली चारशे फ्रँकांना गेलं हे खरं. हे मी तिला सांगितलं. “म्हणजे रुपये किती?” तिने विचारलं, आणि पुढच्या उमेदवाराने माझी सुटका केली.

हा आमच्याच किनाऱ्याचा, अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. दाढी नाही, मिशी नाही, पाठांतरही नाही. पोराच्या नखांत शाडू भरलेला, कोपरापर्यंत पांढरा. पुण्याचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा आपण केला, सासवण्यात सिमेंटची म्हैसही आहे, एवढं एका दमात सांगून तो घड्याळाकडे बघू लागला.

“नोकरी कधीपासून धराल?” मी विचारलं.

“चवथ झाल्याशिवाय जमाचा नाय.” मग करमरकरांना बाजूला ठेवून तो हळूच म्हणाला, “काकानू, माका वायच लवकर सोडा. शाळेत बाबा एकटेच आसत आणि डोळ्यांची आखणी रवली हा.”

ही शाळा म्हणजे गणपतीची, मूर्ती घडवायची. मी त्याला शिस्तीवर दोन शब्द सुनावणार, तोच मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठले.

“सोडा हो त्याला! आमची मूर्ती त्यांच्याकडेच आहे.”