चार वाजताची नोंद दीड वाजता

मागच्या हंगामाच्या शेवटी चोपड्याच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, रात्रीची पाहणी करत होतो. भुईकाट्याशेजारच्या केबिनमध्ये पहाऱ्याच्या फेरीचे रजिस्टर उघडले तेव्हा घड्याळात दीड वाजला होता, आणि रजिस्टरमध्ये पहाटे चारच्या फेरीपुढे "सर्व ठीक" असे लिहून खाली सहीसुद्धा झालेली होती. शाई वाळलेली होती. वॉचमन नाना समोरच उभे होते. त्यांनी नजर खाली केली नाही की सबबही सांगितली नाही, फक्त टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि मला बसायला खुर्ची दिली.

मी सैन्यातून निवृत्त होऊन भुसावळला स्थायिक झालो, आणि गेली काही वर्षे जळगाव-धुळे भागातील जिनिंग, दाळ मिल, शीतगृहे, पतसंस्था आणि क्वचित एखादे सराफी दुकान यांच्या सुरक्षाव्यवस्थेत नेमके कच्चे दुवे कोठे आहेत ते पाहून लेखी अहवाल देण्याचे काम करतो. या कामात मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न "आणखी किती कॅमेरे लावू?" हा आहे. चोपड्याच्या शेठजींचाही तोच प्रश्न होता. आदल्या पावसाळ्यात जिनिंग बंद असताना त्यांच्या मोटारींची तांब्याची केबल रातोरात कापून नेली होती (विहिरीवरची केबल गेली नाही असा शेतकरी आपल्याकडे विरळाच, त्यामुळे कारखान्यात ती गेल्याचे कोणाला नवल वाटले नाही), त्यानंतर त्यांनी सोळा कॅमेरे बसवले होते आणि आता आणखी आठ घ्यावेत का, एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते.

माझे मत असे आहे की कच्चे दुवे शोधण्याचे काम आपण उपकरणे विकणाऱ्याच्या हाती दिले आहे आणि जो माणूस रोज बारा तास त्या दुव्यांच्या शेजारी बसतो त्याला आपण एका शब्दानेही विचारत नाही. विक्रेता येतो, दिवसाउजेडी आवारातून एक चक्कर मारतो, चहा घेतो आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन पाठवतो. त्या कोटेशनलाच पुढे "सिक्युरिटी ऑडिट" म्हटले जाते.

सुरक्षेचा हिशेब खरे तर मिनिटांचा असतो. समजा, मागच्या भिंतीवरून आत येऊन, आवार ओलांडून, विजेच्या पॅनेल रूमचे कुलूप तोडून केबल घेऊन बाहेर पडायला चोराला वीस मिनिटे लागतात, आणि खबर लागल्यापासून दोन माणसे जागेवर पोहोचायला दहा मिनिटे लागतात. चोर भिंतीवर असतानाच खबर लागली तर तो सापडतो. तो पॅनेल रूममधून बाहेर पडताना लागली तर सापडत नाही. आणि खबर सकाळी आठ वाजता लागणार असेल तर कुलूप पाचशेचे होते की पाच हजारांचे, याला काहीच अर्थ उरत नाही. अडथळ्याची किंमत खबर लागल्यानंतरच सुरू होते. त्या जिनिंगमधले सोळाही कॅमेरे चित्र साठवत होते, पण रात्री ते चित्र पाहणारा एकही माणूस नव्हता, म्हणजे ती यंत्रणा चोरी थांबवण्यासाठी नव्हतीच, चोरी झाल्यावर पोलिसांना दाखवण्यासाठी होती. तसे करायलाही हरकत नाही, मात्र आपण काय विकत घेतले आहे हे घेणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

शिवाय आपल्या मुलखाचे हवामान माहितीपत्रकात छापलेले नसते. हालचाल ओळखणारे जे साधे सेन्सर सर्रास बसवतात ते माणसाच्या शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याचे शेड रात्री नऊपर्यंत तापलेले असते. भिंत आणि माणूस जवळजवळ सारखेच गरम असले की सेन्सरला माणूस नीट दिसत नाही. एका शीतगृहाच्या बाहेरच्या व्हरांड्यात मी स्वतः संध्याकाळी साडेसातला सेन्सरसमोरून सावकाश चालत गेलो, तर दिवा लागला नाही; तोच सेन्सर जानेवारीत मांजर गेले तरी ओरडत होता. जिनिंगमध्ये उडणारी रुई कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. कॅमेऱ्याला रात्री दिसावे म्हणून लावलेल्या अदृश्य प्रकाशाच्या दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो, आणि वाऱ्याने ते जाळे हलले की मालकाच्या मोबाइलवर "हालचाल आढळली" असा संदेश येतो. असे रात्रीत चाळीस संदेश आले की तिसऱ्या दिवशी मालक आवाज बंद करतो. शेठजींनीही केला होता.

आवाज बंद करण्याची ही सवय किती दूरवर जाते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज येथे वाय-12 नावाचा कारखाना आहे, जेथे अण्वस्त्रांसाठीचे समृद्ध युरेनियम साठवलेले असते. 28 जुलै 2012 च्या पहाटे तीन युद्धविरोधी कार्यकर्ते, त्यांतली एक 82 वर्षांची जोगीण, तारेची कुंपणे कापत थेट त्या साठ्याच्या इमारतीपर्यंत पोहोचले, भिंतीवर घोषणा रंगवल्या आणि हातोड्याने भिंत ठोकली. पुढे चौकशीत जे समोर आले ते आपल्या जिनिंगपेक्षा फार वेगळे नव्हते: कॅमेरा बराच काळ नादुरुस्त होता, खोटे इशारे इतके येत की खऱ्या इशाऱ्याकडेही तसेच पाहिले गेले, आणि आतल्या पहारेकऱ्यांनी हातोड्याचा आवाज ऐकून दुरुस्तीवाले आले असतील असा समज करून घेतला. त्या कार्यकर्त्यांपाशी सर्वप्रथम पोहोचलेल्या पहारेकऱ्याला मात्र पुढे नोकरीवरून काढण्यात आले. हा शेवटचा भाग मला सर्वांत ओळखीचा वाटतो.

कारण ते रजिस्टर पाहिल्यावर शेठजींचा पहिला उद्गार हाच होता की नानांचा हिशेब करून टाकतो. मी त्यांना थोडे थांबवले आणि त्या रात्री नानांनी संध्याकाळी सातपासून काय काय केले ते कागदावर मांडून दाखवले. कापसाच्या नऊ गाड्यांना गेट उघडून दिले, काट्यावरचा माणूस जेवायला गेला तेव्हा पावत्या फाडल्या, पाण्याची मोटार चालू केली आणि बंद केली, वीज गेली तेव्हा जनरेटरवाल्याला उठवले, आणि दर दोन तासांनी नऊ एकरांची फेरी मारायची ती वेगळी. ते फेरीला गेले तर गेटवर कोणी नसते, आणि गेटवर थांबले तर फेरी होत नाही. दोन्हींपैकी गेटवर नसले तर बोलणी बसतात, फेरी चुकली तर फक्त रजिस्टर कोरे राहते. अशा वेळी शहाणा माणूस रजिस्टर आधीच भरून मोकळा होतो. खोटी नोंद ही चूकच आहे, त्याबद्दल मी नानांना सुनावलेही, पण ती चूक घडवणारी व्यवस्था ज्याने आखली त्याचे नाव कोणत्याही रजिस्टरमध्ये नसते.

खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याखालच्या आदर्श नियमांप्रमाणे नव्या सुरक्षारक्षकाला किमान 100 तासांचे वर्गातले आणि 60 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळायला हवे. आपल्या भागात मी ज्या रक्षकांना विचारले त्यांपैकी बहुतेकांचे प्रशिक्षण गणवेशाचे माप घेण्यापासून सुरू होऊन तेथेच संपले होते. नाना तर कोणत्याही संस्थेचे नव्हते, शेठजींच्या वडिलांच्या वेळेपासूनचे घरचे माणूस.

इतिहासाकडे पाहायचे तर आपल्याच जुन्या खानदेशातला अशीरगड पुरेसा आहे. दख्खनचा दरवाजा म्हणवला जाणारा तो किल्ला भिंती फोडून घेणे जवळजवळ अशक्य मानले जाई. इतिहासकार फरिश्ता याने दिलेल्या हकिकतीप्रमाणे 1400 च्या सुमारास खानदेशचा सुलतान नासिरखान फारुकी याने किल्ल्याचा धनी आसा अहिर याच्याकडे आपल्या बायकामुलांसाठी आसरा मागितला; आधी खरोखरच स्त्रिया असलेल्या डोल्या आत गेल्या, त्यांचे आदरातिथ्य झाले, आणि त्यानंतर आलेल्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. दोनशे वर्षांनी, 1601 च्या जानेवारीत, तोच किल्ला अकबराच्या हाती गेला, आणि तेव्हाही तोफांपेक्षा आतल्या अधिकाऱ्यांना चारलेल्या सोन्यानेच काम केले असे सांगितले जाते. पहिल्या वेळी ओळखीच्या डोलीला कोणी हटकले नाही, दुसऱ्या वेळी आतला माणूस फुटला. आज डोलीच्या जागी कुरिअरवाला, इंटरनेटवाला किंवा "शेठने पाठवले आहे" असे सांगून आलेला पांढऱ्या शर्टातला माणूस असतो. पाहणीच्या दिवशी मी हातात एक शिडी घेऊन मुद्दाम गेटवरून आत गेलो (शेठजींची लेखी परवानगी खिशात ठेवून, तिच्याशिवाय असली चाचणी कोणीही करू नये) आणि शिडी घेतलेल्या माणसाला कोणीही काही विचारले नाही, उलट एकाने गेट धरून ठेवले.

वाटेचीही गोष्ट तशीच आहे. 14 एप्रिल 1944 रोजी क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला इंग्रज सरकारचा साडेपाच लाखांच्या आसपासचा खजिना चिमठाण्याजवळ लुटला. त्या पराक्रमाबद्दल खानदेशाला अभिमान आहे आणि असायलाच हवा, परंतु माझ्या कामाच्या नजरेने पाहिले तर त्यांनी कोषागाराच्या भिंतींना हात न लावता रस्ता निवडला, हे त्यातले मर्म आहे. आज अनेक पतसंस्थांची तिजोरी चांगली भक्कम असते, पण दर शनिवारी दुपारी त्याच वेळी तोच शिपाई त्याच मोटारसायकलवर तीच निळी बॅग घेऊन बँकेत जातो, आणि समोरच्या पानटपरीवाल्याला ते पाठ असते.

कुलपांच्या किल्ल्यांविषयी फार लिहीत नाही. जिनिंगमध्ये पॅनेल रूमची किल्ली दाराच्याच वर खिळ्याला लाल दोऱ्याने टांगलेली होती, आणि तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुनीमजींकडे ऑफिसची एक किल्ली अजून होती, तीही कोणाच्या वाईट हेतूने नव्हे, तर परत मागायचे कोणाला सुचलेच नाही म्हणून.

एका गोष्टीवर मात्र माझा शेठजींशी खरा वाद झाला. रुईच्या गाठी दाबतात त्या प्रेस हॉलच्या मागे आग लागल्यास बाहेर पडण्याचे दार आहे आणि ते वीट लावून उघडे ठेवलेले असे, कारण कामगारांना चहाला जायला मुख्य दाराने वळसा पडतो. शेठजींनी लगेच तोडगा काढला की बाहेरून कुलूप घालू. कापसाच्या कारखान्यात आगीच्या दाराला बाहेरून कुलूप! दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 1997 साली 59 माणसे गेली, त्यांतल्या कित्येकांना बाल्कनीतून बाहेर पडायची वाटच मिळाली नव्हती. आतून ढकलले की उघडणारा आडवा दांडा, दार उघडताच केबिनमध्ये वाजणारी साधी घंटा आणि चहाची टपरी दाराच्या आतल्या बाजूला, एवढ्यावर काम भागते, आणि टपरी हलवायला पैसेही पडत नाहीत. वीट तेथे का आली, हे विचारल्याशिवाय वीट उचलली तर दुसऱ्या दिवशी दुसरी वीट येते.

त्या रात्री दोनच्या पुढे मी रजिस्टर बंद केले आणि नानांना विचारले की तुम्हालाच ही जिनिंग लुटायची असती तर कोठून शिरला असता. ते आधी दचकले, मग हसले, आणि म्हणाले, "भाऊ, माले कोनी इचारंच नही." त्यानंतर टॉर्च घेऊन त्यांनी मला जे दाखवले ते सोळा कॅमेऱ्यांपैकी एकाच्याही टप्प्यात नव्हते: सरकीच्या ढिगामुळे मागची भिंत बाहेरून सात फूट आणि आतून जेमतेम तीन फूट उरलेली जागा, नाल्याची जाळी, जी पावसाळ्यात कचरा अडकतो म्हणून काढून ठेवतात आणि पुन्हा बसवायची राहून जाते, शेजारच्या शेतातला दिवा, जो वीज गेली की आधी विझतो आणि कोणी चोरून आकडा टाकला असेल तर विझतच नाही. कुत्रे कोणत्या कोपऱ्याकडे तोंड करून भुंकले तर उठायचे आणि कोणत्या कोपऱ्याकडे भुंकले तर पडून राहायचे, हेही त्यांना ठाऊक होते. एवढी माहिती मला चार दिवस स्वतः फिरूनही मिळाली नसती.

अहवाल सहा पानांचा झाला. त्यात आठ नवे कॅमेरे नव्हते. सरकीचा ढीग भिंतीपासून दहा फूट दूर, नाल्याला पक्की जाळी, रात्री गेटवर एक आणि फेरीला एक असे दोन माणूस, आणि महिन्यातून एकदा न सांगता घेतलेली चाचणी, ज्यात काही उणे निघाले तर कोणालाही कामावरून काढायचे नाही अशी अट, इतकेच होते. पहिल्या पानावर, कच्चे दुवे कोणी दाखवले त्या ठिकाणी, नानांची परवानगी घेऊन त्यांचे पूर्ण नाव लिहिले होते. शेठजींनी सर्व वाचले, ढीग दुसऱ्याच दिवशी हलवला, दुसऱ्या माणसासाठी "पाहू" म्हणाले, आणि अहवालात एकच दुरुस्ती सुचवली की वॉचमनचे नाव तेवढे काढा, बरे दिसत नाही. मी काढले नाही. बिलाचे पैसे अजून यायचे आहेत.