अप्पा, बटण आणि एक जानेवारी

गेले दहा दिवस माझा संगणक अपडेट घेत नव्हता आणि काल सकाळी तो घेऊ लागला, याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण दोष शोधून काढला तो शेजारच्या अप्पांनी, आणि संध्याकाळपर्यंत नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीतल्या चोवीसही घरांना ही बातमी कळलेली होती.

संगणक २०१५ सालचा आहे. त्यावरच्या विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची जी सुरक्षा-चिप लागते ती माझ्या यंत्रात नाही, त्यामुळे एक वर्षाची वाढीव सुरक्षा मुदत घेऊन, निवृत्तीनंतर मुदतवाढीवर ठेवलेल्या हेडक्लार्कसारखे ते चालले आहे. हे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडे अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्र, म्हणून माझ्यापर्यंत ते बुधवारी पोहोचतात. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. अपडेटचे बटण दाबून पिशवी उचलायची आणि परत येईपर्यंत सगळे आटोपलेले असायचे, अशी माझी घडी बसलेली होती. त्या बुधवारी मात्र मेथीच्या दोन जुड्या घेऊन परतलो तर पडद्यावर एक त्रुटी-क्रमांक उभा होता : शून्य एक्स आठ शून्य शून्य सात दोन एफ आठ एफ.

महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानातून मुलगा आला. त्याने काळ्या खिडकीत आज्ञा लिहून अपडेटच्या सेवा थांबवल्या, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन नावाच्या फोल्डरचे नाव बदलले, सेवा पुन्हा सुरू केल्या आणि तोच क्रमांक पुन्हा उमटल्यावर, वैद्याने नाडी सोडून द्यावी तशा चेहऱ्याने, "सर, फॉरमॅट मारावा लागेल," असे सांगितले. या भेटीचे सातशे रुपये झाले. फॉरमॅटचे वेगळे होणार होते.

अप्पा आले ते वर्तमानपत्र परत करायला. ते नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये छापलेल्या नोटा तपासण्याच्या कामावर होते आणि निवृत्तीला बरीच वर्षे होऊनही ते काम त्यांनी थांबवलेले नाही. आता ते लग्नपत्रिका, औषधांची पाकिटे आणि लोकांच्या घरातले टाइल्सचे सांधे तपासतात. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "हा नंबर कसला?"

"त्रुटीचा क्रमांक आहे, अप्पा."

"चुकीचा आहे."

"त्रुटीचाच आहे, म्हणजे चुकीचाच असणार."

"तसं नव्हे हो सर. नंबर असा नसतो. आधी एक अंक, मग दोन अक्षरं, मग सहा अंक. हा कुणी छापला?"

मी सांगितले की तो छापलेला नसून संगणकाने दाखवलेला आहे. त्यावर अप्पा खुर्ची ओढून बसले, आणि अप्पा बसले की चहा ठेवावा लागतो, हे आमच्या घरात न बोलता ठरलेले आहे. चहा येईपर्यंत त्यांनी मला समजावून दिले की, मोजणी झाल्यावर एखादी नोट खराब निघाली तर सगळे बंडल मोडत बसत नाहीत. तिच्या जागी क्रमांकात तारा छापलेली नोट घालतात, ही सोय २००६ पासून आहे, आणि ती नोट इतर कोणत्याही नोटेइतकीच खरी असते. "तसं तुमचं हे खराब अपडेट काढा आणि ताऱ्याचं टाका."

"संगणकात ताऱ्याचे अपडेट नसते."

"मागितलं होतं का?"

मागितले नव्हते, हे खरे होते. अशा प्रश्नांना उत्तर नसते आणि म्हणूनच ते विचारले जातात. अप्पांशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेले नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी आमच्यापुढचा रस्ता खोदला तेव्हा ठेकेदाराच्या माणसाला त्यांनी खड्ड्याची खोली टेपने मोजायला लावली होती. खड्डा अजून तसाच आहे, परंतु खोली बरोबर आहे.

दुसऱ्या कपाच्या वेळी त्यांनी विषय बदलला असे मला वाटले. "नोट हातात आली की मी आधी काय पाहतो, सांगा."

"गांधीजी."

"साल. २००५ पासूनच्या नोटेवर मागच्या बाजूला छापलेलं असतं. साल पाहिल्याशिवाय मी नोट खिशात घालत नाही." एवढे बोलून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यापाशी नाक नेले आणि अत्यंत शांतपणे विचारले, "तुमच्याकडे अजून कुंभ व्हायचाय का?"

कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१५, आणि सकाळचे सव्वादहा वाजलेले असताना वेळ होती मध्यरात्रीनंतरची वीस मिनिटे.

म्हणजे माझ्या संगणकाच्या लेखी मागच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण, जे रामकुंडावर १४ जुलै २०१५ रोजी झाले, ते अजून सहा महिन्यांवर होते. त्याहून चमत्कारिक म्हणजे ज्या विंडोज १०वर तो चालला होता ती २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली, त्यामुळे स्वतःच्या घड्याळाप्रमाणे तो अजून न जन्मलेल्या प्रणालीवर धावत होता. अपडेट देणारा सर्व्हर आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतो आणि त्या प्रमाणपत्राला आरंभाची व शेवटची तारीख असते. २०१५मध्ये बसलेल्या संगणकाला ते भविष्यातले, म्हणून अवैध वाटत होते आणि तो इमानाने दार बंद करत होता. इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळायला हवे, असे कोणी म्हणेल, पण घरगुती संगणकात १५ तासांहून अधिक फरक पडला तर ही सोय हात वर करते. माझा फरक दहा वर्षांहून अधिक होता.

लाजिरवाणा भाग असा की मला हे दिसायला हवे होते. गेले पंधरा दिवस संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी लिहून एफ-वन दाबायला सांगत होता आणि मी ते न वाचता, चहात साखर घालावी तितक्या सवयीने, दाबत होतो. ब्राउझरनेही घड्याळ मागे असल्याचे स्पष्ट सांगितले होते. ती खिडकी मी एकदा आणि त्या मुलाने दोनदा मिटवली. पण माझे सोडा. सातशे रुपये घेणाऱ्याने तरी कोपऱ्याकडे पाहायला नको का? भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने तेवढ्या वेळात चार वेळा पाहिले.

मी हाताने तारीख बदलली आणि अपडेट निमूटपणे उतरू लागले. मग त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सर, मदरबोर्डचा सेल गेला असेल, मी म्हणणारच होतो." संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालवणारा हा आतला सेल बहुधा केव्हाच गेला होता, पण भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत संगणक बंद असला तरी थोडी वीज आत पोहोचते आणि घड्याळ जिवंत राहते. पंधरा दिवसांपूर्वीपासून मी रोज रात्री ते बटण बंद करू लागलो होतो. का? तर जिन्यात वीजबिलावर बोलणे निघाले असता अप्पांनी तसे बजावले होते म्हणून. हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. "मग बिल कमी आलं ना?" त्यांनी विचारले. बिल अजून आलेले नाही.

सेल आणायला ते माझ्याबरोबर आले, मी नको म्हणत असताना. रुपयाच्या नाण्याएवढी, तीन व्होल्टची, सीआर २०३२ नावाची ही चकती कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते. पहिल्या दुकानातली अप्पांनी परत करायला लावली, कारण पाकिटावर साल नव्हते. खोदलेल्या रस्त्यांना वळसे घालत रविवार कारंजापाशी दुसरे दुकान गाठले, तिथे साल होते. चाळीस रुपयांची वस्तू होती, मी पन्नासची नोट दिली. परत आलेली दहाची नोट दुकानदाराने माझ्यापुढे धरली, पण ती माझ्या हाताआधी अप्पांनी घेतली, उलटी केली आणि उजेडाकडे धरून डोळे बारीक केले. मागे तीन गिऱ्हाइके खोळंबली होती.