त्याने कसलाच त्रास दिला नाही

गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरून आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि तिला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखल करावे लागले. मी रात्रंदिवस तिच्यापाशी आणि यजमान जहाजावर, त्यामुळे माझ्या 36 वर्षांच्या धाकट्या भावाला अकरा दिवसांसाठी एका निवासी संस्थेत ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. बाबूला (हे त्याचे घरातले नाव) बौद्धिक अक्षमता आहे, सोबत फिट्सचा आजार आहे आणि तो जेमतेम वीस-पंचवीस शब्द बोलतो, तेही त्याला वाटले तर.

त्याला परत आणायला गेले, तेव्हा तिथल्या सेविकेने मोठ्या आपुलकीने सांगितले, "ताणें कसलोच त्रास दिवंक ना." हे ऐकून मला समाधान वाटायला हवे होते. परंतु पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकताच फाटकाकडे धावणारा आणि दुपारची कदंब बस उशिरा आली तर आईला हाताला धरून रस्त्यापर्यंत ओढत नेणारा हा माणूस अकरा दिवस कोणालाही त्रास न देता राहिला तरी कसा, ही शंका मला परतीच्या वाटेवर छळत राहिली. उत्तर घरी आल्यावर मिळाले. त्याला तिथे दिवसरात्र डायपर घातला होता. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी एकदा आठवण करून दिली की बाबू स्वतः शौचालयात जातो. ही सवय लावायला आईला दोन वर्षे लागली होती. ती मोडायला अकरा दिवस पुरले आणि पुन्हा लागेपर्यंत चवथ (गणेश चतुर्थी) जाऊन दिवाळीही उलटली.

संस्थेवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगते की तिथे कोणी त्याला मारले नाही की उपाशी ठेवले नाही. खोल्या स्वच्छ होत्या. फिट्सच्या गोळ्या मी परत आल्यावर मोजून पाहिल्या, त्या बरोबर निघाल्या, आणि ही गोष्ट लहान नाही, कारण या औषधाचा डोस चुकला तर फिट येण्याचा धोका वाढतो. पण रात्री अठरा जणांमागे दोन सेविका असत. त्यांतल्या एकीने प्रत्येकाला वेळेवर उठवून नेत राहायचे म्हटले, तर उरलेल्या सतरा जणांकडे दुसरीने एकटीने पाहायचे. अशा वेळी डायपर हा उपाय दुष्टपणाने सुचत नाही, तो हिशेबाने सुचतो. आणि त्या हिशेबात घरकामाइतकाही पगार न मिळणाऱ्या त्या दोघींना दोषी धरायला मी तयार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की थोड्या दिवसांच्या निवासाचा दर्जा आपण चुकीच्या गोष्टींवरून ठरवतो. भिंतींचा रंग, जेवणाचा बेत आणि फाटकाला कुलूप आहे की नाही हे आपण पाहतो. माणूस घरून जे काही येत असताना गेला, ते सगळे घेऊन परत आला का, हे कोणी पाहत नाही. कायम राहणाऱ्या माणसाची ओळख संस्थेला हळूहळू, चुकतमाकत होते. आठ-दहा दिवसांसाठी आलेल्याच्या बाबतीत तेवढी सवड नसते, म्हणून पहिल्या तासात जे विचारले जाते त्याला फार महत्त्व असते. आम्हाला पहिल्या तासात आधार कार्ड, अपंगत्वाची टक्केवारी, दोन छायाचित्रे आणि काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही असे हमीपत्र एवढेच मागितले गेले.

त्याला दुखले तर तो कसे सांगतो, हे कोणी विचारले नाही. बाबूचा दात दुखू लागला की तो कानावर हात मारून घेतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याला तो 'चिडलेला' दिसणारच. स्वतःचे दुखणे बोलून सांगू न शकणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका नेहमीचाच आहे, की वेदनेला वागणुकीचा दोष समजले जाते आणि दंतवैद्याऐवजी झोपेच्या गोळीची आठवण होते. बद्धकोष्ठतेचेही तसेच. या लोकांत ती पुष्कळ आढळते, काही औषधांनी वाढते, आणि पोट कधी साफ झाले याची साधी नोंद ठेवली नाही तर पाचव्या-सहाव्या दिवशी तो जेवण का ढकलतो हे कोणालाच उमगत नाही.

कायद्यात काही नाही असे नाही. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 2007 मध्ये मान्य केला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 50 प्रमाणे नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही, आणि 1999 च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेत कुटुंबाला विसावा देणाऱ्या निवासाचा विचार केलेला आहे. परंतु नोंदणीच्या कागदाने रात्रीच्या त्या दोन सेविकांच्या तीन होत नाहीत. इंग्लंडमध्ये अशा निवासांची तपासणी होऊन अहवाल आणि श्रेणी सर्वांना वाचता येतील अशा प्रसिद्ध होतात, ही पद्धत मला हवीशी वाटते. मात्र त्याच देशात 2011 मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्यांना होणारी मारहाण बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यामुळे उघडकीला आली, आणि तिथल्या एका माजी परिचारकाने तपासयंत्रणेला आधीच कळवले होते तरी काही हालचाल झाली नव्हती, हेही विसरता येत नाही.

तक्रार मीही केली नाही. उद्या पुन्हा गरज पडली तर दार कोण उघडेल, ही भीती होती, आणि ती माझ्या ओळखीतल्या प्रत्येक पालकाला आहे. ठेवून घेणे हा उपकार आहे असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते, आणि उपकाराचा दर्जा विचारणे आपल्याकडे शिष्टाचारात बसत नाही. पणजीत 2023 पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, त्यात बाबू मनमुराद नाचला आहे आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. पण त्या गर्दीत भेटलेल्या सत्तरीच्या आया एकमेकींना जे विचारत होत्या, ते रॅम्पविषयी नव्हते. "तू इस्पितळात गेलीस तर त्याला कुठे ठेवतेस गो?" असे त्या विचारत होत्या.

आता आम्ही चार पानांची एक वही केली आहे. तो पाणी कसे मागतो, कोणत्या कुशीवर झोपतो, कानावर हात मारला तर आधी दात पाहावेत, हे सगळे आईने सांगितले आणि मी लिहिले. संकट येण्याआधीच त्याने एखादी रात्र नव्या जागी काढून पाहावी, सोबत त्याची उशी आणि रेडिओ असावा, दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याला आणावे, असेही ठरवले. तीन ठिकाणी विचारले. तिन्ही ठिकाणी किमान एक महिन्याचे पैसे भरावे लागतील असे सांगण्यात आले.

डिसेंबरात आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. गोव्यात एका रात्रीसाठी ठेवून घेणारी आणि ती वही वाचायला तयार असलेली जागा कोणाला माहीत असेल, तर कृपया कळवावे.