रेझिस्टर का लावायचा, हे कोणी सांगेल का?

इंदूरमध्ये नोकरीवरून परतल्यावर रोज रात्री दोन तास काढून मी फुकटच्या ऑनलाइन धड्यांवरून इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आहे, आणि आता माझा संयम संपला आहे. प्रत्येक धड्यात तेच: ही तार इथे जोडा, हा कोड चिकटवा, झाले! पण का?

एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणारा भाग, लावा म्हणतात. ५ व्होल्टपैकी लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि प्रवाह साधारण १४ मिलिअँपियरवर थांबतो, एवढे एक वाक्य लिहायला कितीसा वेळ लागतो?

आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा धडा तर कहरच होता. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, ज्याला तो जोडायचा त्या ईएसपी३२ कंट्रोलर बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, तरीही सेन्सरचा सिग्नल बाहेर देणारी इको पिन थेट जोडायला सांगणाऱ्याला शिकणाऱ्याच्या बोर्डाची काहीच काळजी नसावी का? एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करता येते, हे मला बोर्ड गमावल्यावर कळले, आणि नव्या बोर्डासाठी पुन्हा महाराणी रोडच्या गर्दीत जावे लागले.

सर्व्हो मोटरला वेगळा वीजपुरवठा द्या, पण तिचे आणि बोर्डाचे ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) एकत्र जोडा, हेही कोणी लिहीत नाही. कोडमधला डिले, म्हणजे थांबण्याचा आदेश, चालू असताना बटण वाचलेच जात नाही, हे तरी सांगा! आम्ही नक्कल करायला नव्हे, शिकायला बसलो आहोत.